तिफणीचा दात

पहाटे साडेचार

मे महिन्याच्या शेवटी भट्टीचं काम याच वेळेला उरकावं लागतं. मूर्तिजापूर-दर्यापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात दहानंतर टिनाखाली उभं राहवत नाही, दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो. अंधारातच ब्लोअर सुरू केला आणि कोळसा पेटेपर्यंत काल कापून ठेवलेले कमानपट्ट्याचे तुकडे ऐरणीजवळ मांडले. ट्रकची मोडकी कमान हेच आमच्याकडचं खात्रीचं पोलाद. घण सोसतं, पाणी धरतं आणि काळ्या जमिनीत लवकर झिजत नाही.

आज चार दात घडवायचे आहेत. ट्रॅक्टरमागे जोडायच्या पेरणी यंत्राचे हे दात, पण त्यांचा साचा माझ्या आजोबांच्या तिफणीवरून कापलेला. पत्र्याचा तो साचा भिंतीवर टांगलाय. बाजारात तयार मिळणारा फाळ तळहाताएवढा रुंद असतो. कडक रानात तो चांगला घुसतो, पण ओल्या काळ्या मातीत मोठा चर उघडतो, ढेकळं बाजूला लोटतो आणि आतली ओल वाऱ्याला दाखवतो. बी टाकलं तरी त्याच्याभोवती माती घट्ट बसत नाही. तिफणीचा दात अरुंद, जेमतेम दोन बोटांचा, आणि टोक पुढच्या बाजूला झुकलेलं. तो माती चिरतो, बी खाली जातं आणि चीर आपोआप मिटते. आमची माती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. तिला जितकं कमी उघडावं तितकं बरं. हे आजोबांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या आधीच्या कितीतरी सुतारांनी वापसा असलेल्या आणि नसलेल्या रानांतून ते शोधून ठेवलं होतं.

पट्टी लाल झाली. सांडशीत धरून टोक ओढून घेतलं, साच्याला लावलं, पुन्हा भट्टीत सारलं. झुकाव थोडा कमी पडला तर दात जमिनीवरून सरपटत जातो, जास्त झाला तर खोल शिरत राहतो. म्हणून घाई नाही. टोकापुरतंच पाणी पाजलं. वरचा भाग लवचीक राहिला पाहिजे, नाहीतर दगड लागल्यावर दात मोडतो.

सकाळी सात

दोघे कास्तकार मोटरसायकलवर आले. मिरग सात जूनला लागतो, म्हणजे सगळ्यांना सगळं आजच पाहिजे. त्यांतल्या तरुणाचं वावर खारपाणपट्ट्यात आहे, पूर्णा नदीच्या अंगाला.

“काका, मांगच्या वर्षी भाड्यानं पेरणी केली. चाक घसरलं अन् पंधरा-वीस हात बी पडलंच नाई. उगवल्यावर समजलं.”

“ओल किती होती?”

“चिखलच म्हना ना. पन वाट कुठवर पाहाची?”

दोष त्या भाड्याच्या यंत्राचाही नाही. अशा यंत्रात जमिनीवर फिरणारं चाक साखळीने तबकडी फिरवतं आणि तबकडीच्या खाचांतून दाणे खाली पडतात. चाकाला चिकण माती चढली की ते फिरण्याऐवजी ओढलं जातं. चाक थांबलं की बी थांबतं, ट्रॅक्टर मात्र पुढे जातच असतो. मी आता त्याच्या स्वतःच्या यंत्राच्या चाकाचे खिळे लांब करून दिले आणि माती खरवडायला चाकामागे एक पट्टी बसवली. यापेक्षा मोठा इलाज पारदर्शक नळ्यांचा आहे, बी थांबलं की लगेच दिसावं म्हणून. त्या दुपारी माझ्या यंत्रावर बसवून पाहायच्या आहेत.

सोबतच्या काकाजींना डवऱ्याची, म्हणजे कोळप्याची, पास धार लावून हवी होती. जाताना त्यांनी डवऱ्याची जानोळी, म्हणजे पास धरणारे दांडे, मुद्दाम दाखवली, त्यांवर दोरी गुंडाळल्याच्या खुणा होत्या. शेवटच्या डवरणीला जानोळ्यांना दोरी गुंडाळली की पिकाच्या दोन ओळींत आपोआप सरी पडते आणि पुढचं पाणी तिथे मुरतं. वीतभर दोरीचं काम. कृषी विद्यापीठाचे लोकही आता हेच करायला सांगतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

सकाळी नऊ

तिफण माळ्यावरून खाली काढली. हिचं खोड बाभळीचं, अजून कीड नाही. खोडाला तीन दात, वर बी सोडायचं चाडं, चाड्यातून तिन्ही दातांपर्यंत गेलेल्या बांबूच्या नळ्या. पुढे दांडी, मागे हातात धरायचं रुमणं. मी पट्टी, गुण्या आणि वही घेऊन बसलो. साचा काढताना फक्त दाताचा बाक घेतला होता, आज सगळ्याची मापं घेतली: दातांमधलं अंतर अठरा इंच, नळीचं भोक किती, नळी दाताला कुठे येऊन मिळते, खोडाला भोक पाडताना दात किती तिरपा बसवलाय.

मापं घेताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. बी दाताच्या टोकाशी पडत नाही, टोकाच्या थोडं मागे पडतं. म्हणजे टोकाने चीर उघडायची, तळ साफ करायचा आणि माती परत ढासळायच्या आत दाणा खाली पोचायचा. ही दोन-तीन बोटांची जागा माझ्या गेल्या हंगामातल्या यंत्रात नव्हती, नळी सरळ दाताच्या पाठीला चिकटवलेली होती.

दुसरी गोष्ट रुमण्याची. धरणारा माणूस पावलागणिक दाब बदलत असे. चढ आला की सैल सोडायचं, मऊ जागा आली की उचलून धरायचं. सोयाबीनचं बी तीन ते चार सेंटीमीटरवर पडावं लागतं, पाचाच्या खाली गेलं तर पुष्कळ कोंब वर येतच नाहीत. ट्रॅक्टरला जोडलेलं यंत्र म्हणजे एक ताठ चौकट. वावर कुठे उंच, कुठे खोल. एक दात बोटभर खाली गेला की शेजारचा वर बसतो. म्हणून या वेळी प्रत्येक दात वेगळ्या स्प्रिंगवर बसवतोय. रुमणं धरणाऱ्या हाताची ती बरोबरी करणार नाही, पण चार हातांचं काम चार स्प्रिंगांनी थोडंफार तरी करावं.

तिफणीसारखी साधनं हिंदुस्थानात पाहून बाहेरच्यांनाही नवल वाटलं होतं. १७९५ च्या सुमारास कॅप्टन थॉमस हॅलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिणेतल्या पेरणीच्या अवजाराचं वर्णन लिहून कळवलं. ओळीत पेरणारं यंत्र ही युरोपातली नवी युक्ती, असं तोवर तो समजत होता. धरमपाल यांनी १९७१ साली अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञानावरच्या आपल्या ग्रंथात ते टिपण छापलं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येक पोराने ते वाचावं.

तिफणीची आरती मात्र मला ओवाळायची नाही. दिवसभर बैल हाकून तीन-चार एकर पेरून होत. आज वापसा दोन दिवस टिकतो, मजूर मिळत नाहीत, गावात बैलजोड्या मोजक्या उरल्यात. लाकूड परत आणायचंच नाही. त्या लाकडात जे ठरवून ठेवलेलं होतं ते लोखंडात उतरवायचं.

दुपारी बारा

भाकर, झुणका, कांदा, ताक. ऊन उतरेपर्यंत वेल्डिंग बंद. ही वेळ कागदाची आणि फोनची.

माझा भाचा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला असतो. माझं हे जुन्या अवजारांचं वेड त्याला माहीत आहे. त्याने समुद्राच्या लाटांवर उभं राहायच्या फळ्यांबद्दल सांगितलं, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. हवाई बेटांवरचे लोक शतकानुशतकं पातळ लाकडी फळीवर लाटांवरून येत. तिला अलाया म्हणतात, तळाला पंख नसतो. १९३५ साली टॉम ब्लेकने फळीच्या तळाला पंख लावला. पुढे फोम आणि फायबरग्लास आलं. १९८१ मध्ये सायमन अँडरसनची तीन पंखांची फळी गाजली आणि जगभर तीच चालली. जुन्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात राहिल्या. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टॉम वेगेनर नावाच्या कारागिराने त्या पाहिल्या आणि पॉलोनियाच्या हलक्या लाकडात तसल्या फळ्या पुन्हा घडवल्या. पाण्यावर त्या भलत्याच वेगवान निघाल्या. मला यात त्याचं एक करणं महत्त्वाचं वाटतं: तो संग्रहालयात हळहळत बसला नाही, फळी पाण्यात घेऊन गेला. मी समुद्र दोनदाच पाहिलाय, पण हा माणूस मला ओळखीचा वाटतो.

आपल्याकडे याच्या उलटही घडलंय. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही संस्था निघाली. काळ्या जमिनीसाठी तिथे रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली: दीड मीटरचा पट्टा, त्यात एक मीटरचा वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी. जास्त पाऊस सरीतून निघून जातो, कमी पडला तर तिथेच मुरतो. हे करायला बैलांनी ओढायचा चाकांचा एक गाडा वापरला, ट्रॉपिकल्टर, मूळ कल्पना ज्याँ नोल या फ्रेंच माणसाची. नांगरणी, वखरणी, पेरणी सगळं त्या एका गाड्यावर. संस्थेच्या शेतात तो उत्तम चालला, कास्तकाराने घेतला नाही. पॉल स्टार्की यांनी १९८८ साली अशा गाड्यांवर पुस्तक लिहिलं आणि निष्कर्ष तोच काढला: अवजार परिपूर्ण झालं आणि नाकारलं गेलं. महाग होतं, जड होतं, आणि एका गाड्याला सगळी कामं सांगण्यापेक्षा घरात चार साधी अवजारं असलेली बरी, असं लोकांना वाटलं.

पद्धत मात्र मेली नाही. ट्रॅक्टर आल्यावर तीच बीबीएफ म्हणून परत आली आणि आता अकोला-अमरावतीकडे सोयाबीनला तिचीच शिफारस होते. खारपाणपट्ट्यात तर तिची गरज दुप्पट आहे. विहिरीचं पाणी खारं, पिकाला देता येत नाही. वर्षाचा साडेसातशे-आठशे मिलीमीटर पाऊस जिथे पडला तिथेच मुरवायचा, तोच हरभऱ्यालाही पुरवायचा. माझ्या यंत्राला म्हणूनच चार दात आणि दोन्ही कडांना सरी पाडणारे दोन फाळ आहेत. कल्पना पाटणचेरूची, दात आजोबांचा.

दुपारी साडेतीन

बी मोजण्याचं काम. यंत्र ठोकळ्यांवर उचलून घेतलं, चाक मोकळं केलं, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधली. चाकाचा व्यास ५० सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्यात १५७ सेंटीमीटर जमीन. वीस फेरे फिरवले की ३१ मीटरच्या थोडं वर. ओळीतलं अंतर ४५ सेंटीमीटर धरून एका दाताखाली १४ चौरस मीटर येतात. एकरी ३० किलो बियाणं टाकायचं तर प्रत्येक पिशवीत सुमारे १०५ ग्रॅम पडलं पाहिजे. तीन पिशव्या बरोबर आल्या, चौथी कमी. तबकडी काढून पाहिली तर एका खाचेत दाण्याचं टरफल अडकलेलं. सोयाबीनची साल नाजूक असते, लोखंडी कडेने सोलली जाते. खाचांच्या कडा कानशीने गोल केल्या आणि पुन्हा फिरवलं.

पेटीत एक आडवी फळी घालून तुरीसाठी वेगळा कप्पा केलाय. हेही जुनंच. तिफणीमागे दोरीने सरता बांधलेला असे, एक बाई त्यातून तूर सोडत चाले. आज सहा ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर असा मेळ सांगतात, पण पुष्कळ यंत्रांना एकच पेटी असते. मग कास्तकार तूर वगळतो आणि नुसतं सोयाबीन पेरतो. कप्प्याची सोय नाही म्हणून एखादं पीक शेतातून जावं हे मला सहन होत नाही.

संध्याकाळी साडेपाच

विहिरीजवळचा तुकडा काल ओला करून ठेवला होता. पाणी मचूळ आहे, पण चाचणीला चालतं. ट्रॅक्टर शेजाऱ्याचा, चालवायला त्याचाच मुलगा. पहिल्या ओळीनंतर थांबवलं आणि हाताने माती उकरून दाणे शोधले. अरुंद दाताची चीर बऱ्याच ठिकाणी मिटलेली होती. खोली चारही ओळींत सारखी नव्हती, पण फरक गेल्या हंगामापेक्षा कमी होता. एका दाताची स्प्रिंग सैल होती, ती दोन आटे आवळली. दुसऱ्या ओळीला मुलाने मुद्दाम वेग वाढवला, तेव्हा दाणे चिरीच्या बाहेर उडाले. त्याला सांगितलं, “बापू, पेरणी आहे ना, शर्यत नाई.” नळी दातापासून अजून एक बोट मागे न्यावी लागेल.

माझी मोठी आई बांधावर येऊन उभी होती. तिने उभ्या आयुष्यात कितीतरी एकर चाड्यावर पेरलंय. मूठ चाड्यावर धरून बोटांच्या फटीतून तिन्ही नळ्यांत सारखं बी सोडायचं, चालता चालता, हे तिला आजही येतं. तिला मी नव्या पारदर्शक नळ्या दाखवल्या. एखादी तुंबली तर लगेच दिसावं, म्हणून बसवल्या होत्या.

ती म्हणाली, “आमच्या टायमाले नयीत दान्याचा आवाज ये. बंद पडला का हातालेच समजे. ह्या तुह्या नया लय चांगल्या हायेत, पन पाह्यन कोन? ट्रॅक्टरवाला तं पुढं पाह्यते.”

मागे फळी लावून कुणाला बसवावं, असं शेजाऱ्याच्या मुलाने सुचवलं. ते मी कधीच करणार नाही. चालत्या यंत्रावर बसलेली माणसं पडून चाकाखाली आलेली आहेत.

रात्री आठ

वहीत आजचे बदल लिहिले: नळी एक बोट मागे, तिसऱ्या दाताची स्प्रिंग बदलायची, तबकडीच्या कडा आधीच गोल करून घ्यायच्या. मोठ्या आईच्या प्रश्नासाठी ट्रॅक्टरच्या दोन्ही चिखलरोधकांवर मोटरसायकलचे आरसे बसवायचे ठरवलंय, खाली वळवलेले, नळ्या दिसतील असे. नळ्यांच्या मागे पांढरा पत्रा लावला तर काळ्या मातीसमोर सोयाबीनचा दाणा हरवणार नाही. आरसे उद्या मूर्तिजापूरहून आणतो. खारपाणपट्ट्यातल्या त्या पोराला फोन करून सांगितलं की परवा ट्रॅक्टर घेऊन ये, नळ्या आणि आरसे तुझ्याच यंत्रावर आधी बसवू. ज्याच्या वावरात चाक घसरतं, त्याच्याकडेच हे आधी तपासायला हवं.