मराठी विज्ञानकथेची मासिके: ‘केरळ कोकिळ’पासून ‘नवल’पर्यंत

पीएसएलव्ही अग्निबाणाचा पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा असतो. त्यात सुमारे १३८ टन घन इंधन ठासलेले असते आणि ते जळताना होणारा दाब पेलायला मॅरेजिंग पोलादाचे कवच लागते. कारखान्यात त्याला ‘मोटर केसिंग’ म्हणतात. अशी केसिंग्ज वर्षानुवर्षे घडत आली ती वालचंदनगरला. बारामतीहून इंदापूरकडे जाताना नीरेच्या कालव्याचा ऊस दोन्ही बाजूंनी सोबत करतो आणि त्या उसातच हे गाव लागते. वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात कळंबच्या शिवारात साखर कारखाना उभारला. त्या कारखान्याची यंत्रे इथेच दुरुस्त होऊ लागली, मग इथेच तयार होऊ लागली आणि त्या कारागिरीची मजल पुढे अंतराळापर्यंत गेली. २००८चे चांद्रयान आणि २०१३चे मंगळयान पीएसएलव्हीनेच वर नेले.

मराठी वाचकाला मात्र चंद्राची वाट त्याच्या शंभरेक वर्षे आधी एका मासिकाने दाखवली होती. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ने १९०० साली ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः छापली. ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीवरून चंद्राकडे जाणाऱ्या कादंबरीचा तो मराठी अवतार. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. या मासिकाचा जन्म पुण्या-मुंबईचा नाही. ते निघाले मल्याळी मुलखात, कोचीनला. मराठी माणसे पोटापाण्यासाठी जिथे गेली तिथे त्यांनी छापखान्याशी नाते जोडले, आणि ही चांद्रसफर त्या नात्यातून आली. पुढे ‘मासिक मनोरंजन’मध्ये श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ आली. तिला पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा मानतात. आपल्याकडे दिवाळी अंकाची चाल १९०९ साली पाडली तीही याच ‘मनोरंजन’ने. हे दोन्ही मान एका मासिकाकडे आहेत, आणि पुढे हा वाङ्मयप्रकार जगला तो दिवाळी अंकांच्याच आधाराने.

वालचंदनगरचा विषय निघाला की मला किर्लोस्करवाडी आठवते. तीही अशीच माळावर वसवलेली कारखान्याची वसाहत. तिथून शंकर वासुदेव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढले. नांगर, मोटा आणि चरक यांची माहिती देणारे ते पत्र बघता बघता ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि एका औद्योगिक खेड्याने उभ्या महाराष्ट्राला विचार करायला लावले. जिथे रोज लोखंड ओतले जाते, तिथल्या लोकांना यंत्र म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. या मातीत विज्ञानकथा उगवायला हवी होती. यंत्रयुगाची गोडी या मासिकाने लावली हे खरे, पण विज्ञानकथेचे पीक आले ते बऱ्याच वर्षांनी, आणि तेही आधी दुसऱ्याच शेतात.

ते शेत म्हणजे अनंत अंतरकरांचे ‘नवल’. अंतरकरांनी १९४६ साली ‘हंस’ सुरू केले, मग ‘मोहिनी’ आणि ‘नवल’. तीन मासिके एका संपादकाच्या अंगावर. पाठीशी ना कारखाना, ना वृत्तपत्राचे बळ. ‘हंस’मध्ये जी. ए. कुलकर्णींसारख्यांची कथा येई. जी.ए. आणि अंतरकर पितापुत्रांचा ऋणानुबंध कसा होता, ते आनंद अंतरकरांनी ‘एक धारवाडी कहाणी’त लिहून ठेवले आहे. ‘मोहिनी’ हसवण्यासाठी होती. ‘नवल’ मात्र नावाला जागणारे होते. भूत, खून, शिकार, गूढ, परग्रह, विलक्षण सत्यकथा, परदेशी कथांची रूपांतरे असे सारे एकाच अंकात नांदायचे. वाङ्मयीन प्रतिष्ठेची मासिके ज्या कथेकडे ढुंकून पाहत नसत, तिला इथे मानाचे पान होते.

‘नवल’ने विज्ञानकथेला वेगळे दालन दिले नाही. परग्रहावरचा पाहुणा आणि पिंपळावरचा मुंजा त्याच्या पानांवर शेजारी शेजारी राहत. काही अभ्यासकांना हा दोष वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्या वाचकाने भुताची कथा वाचायला अंक घेतला, त्याच्या हातात आपोआप कालप्रवासाची कथा पडली. मराठीत केवळ विज्ञानकथेसाठी अंक विकत घेतील असे वाचक त्या काळी किती होते? ‘नवल’ने तिला आयता वाचक दिला आणि त्याबरोबर एक कसबही शिकवले. अशक्य गोष्ट सांगायची, पण तपशील असे द्यायचे की वाचकाने क्षणभर विश्वास ठेवावा. नारायण धारपांकडे हे कसब भरपूर होते. भयकथेचा बादशहा म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण हा माणूस तंत्रशास्त्राचा पदवीधर होता आणि ‘नेनचिम’सारखी परग्रहवासीयांची कादंबरी त्याने लिहिली. धारपांच्या भयकथेतही घटनेमागे घटना अशी लावलेली असते की एखादा प्रयोगच वाचतो आहोत असे वाटावे. द. पां. खांबेटे, भा. रा. भागवत, गजानन क्षीरसागर ही त्या काळातली आणखी काही नावे. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. आजच्या कितीतरी अभियंत्यांचा विज्ञानाशी पहिला परिचय त्या पुस्तकांनी करून दिला असेल.

अनंत अंतरकर १९६६ साली गेले. त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली आणि १९७४च्या स्पर्धेने सगळे चित्रच बदलले. पहिले बक्षीस ‘कृष्णविवर’ या कथेला मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव कुणी ऐकलेले नव्हते, कारण असा माणूसच नव्हता. जयंत विष्णु नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ते घेतले होते. अहमदाबादला एका रटाळ व्याख्यानात बसल्या बसल्या त्यांनी ही कथा लिहायला घेतली होती. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हाताने उतरवून काढली. जगन्मान्य शास्त्रज्ञाला आपली कथा नावाच्या वजनावर निवडली जाऊ नये असे वाटले, ही गोष्ट मला त्या बक्षिसाहून मोठी वाटते.

१९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी नारळीकरांकडे कथा मागितल्या आणि त्या ‘किर्लोस्कर’मध्ये येऊ लागल्या. वाडीच्या माळावर निघालेल्या मासिकाने विज्ञानकथा छापली ती अशी, अर्धशतक उलटल्यावर. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. त्यातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ अजूनही वर्गात वाचून दाखवावी अशी आहे. मोबियसच्या पट्टीची कल्पना वापरून डावे-उजवे पालटते आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. भूमितीची इतकी अवघड गोष्ट मराठी घरातल्या देव्हाऱ्यात आणून ठेवायची, यालाच मी आपल्या भाषेत विचार करणे म्हणतो. नारळीकरांची माणसे काही वेळा कल्पनेच्या ओझ्याने सपाट होतात, हेही खरे. ती उणीव पुढच्या लेखकांनी भरून काढली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आणि लक्ष्मण लोंढे यांच्या कथांत माणूस आधी येतो. लोंढे यांच्या ‘दुसरा आइन्स्टाईन’मध्ये मरणपंथाला लागलेल्या शास्त्रज्ञाचा मेंदू वाचवण्याचा प्रश्न आहे. शेवटी मनात राहतो तो मात्र त्या माणसाचा एकटेपणा. जेम्स गन यांनी जगभरातल्या विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह केला, तेव्हा भारतातून ही कथा घेतली. १९९३ साली फोंडके यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय विज्ञानकथांचे इंग्रजी संकलन केले, त्यातही ती आहे.

इतके लेखक आणि इतक्या कथा असूनही केवळ विज्ञानकथेला वाहिलेले, वर्षानुवर्षे टिकलेले मासिक मराठीत उभे राहिले नाही. बंगालीत अद्रीश बर्धन यांनी १९६३ साली ‘आश्चर्य’ काढले. त्यात प्रेमेंद्र मित्र आणि सत्यजित राय लिहीत, आणि त्याच मंडळींनी कोलकात्यात विज्ञानचित्रपटांचा क्लबही चालवला. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले. वाचकांची पत्रे ते पत्त्यासकट छापत. त्या पत्त्यांवर वाचक एकमेकांना लिहू लागले, मंडळे निघाली, घरच्या घरी काढलेली छोटी नियतकालिके निघाली, आणि त्या वाचकांतूनच पुढचे लेखक घडले.

आपल्याकडे खंत आहे ती इथे. आपली विज्ञानकथा कायम पाहुणी राहिली. ‘नवल’मध्ये तिला भयकथेचा शेजार होता, ‘किर्लोस्कर’मध्ये वैचारिक लेखांचा, परिषदेच्या पत्रिकेत विज्ञानलेखांचा. सगळ्यांनी आदराने वागवले, पण तिच्या वाचकांना एकमेकांचा पत्ता कुणी दिला नाही. कथेतले विज्ञान कुठे चुकले, कल्पना आधी कुणी वापरली, शेवट का फसला, अशी वाचकांची भांडणे महिनोन्‌महिने छापील पानांवर चालायला हवी होती. टीका झाली ती परिसंवादांत आणि प्रबंधांत. त्यामुळे प्रत्येक नव्या लेखकाला बरेचसे पहिल्यापासून शिकावे लागले.

मग मासिकांचेच दिवस पालटले. कागद महागला, टपाल महागले, दूरचित्रवाणी घराघरांत शिरली आणि एकेक मासिक मिटले. ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ दिवाळी अंकापुरती उरली. आनंद अंतरकरांनी वडिलांचा वारसा याच रूपात सांभाळला. ‘धनंजय’सारख्या अंकांनी रहस्य, गूढ आणि विज्ञान यांचा फराळ चालू ठेवला. पण वर्षातून एकदा भेटणाऱ्या लेखकाशी वाचकाचा संवाद व्हायचा कसा? दिवाळी अंकाने मराठी विज्ञानकथा जगवली हे मी कृतज्ञतेने म्हणतो. ती वाढायला मात्र महिन्याचे नियतकालिक हवे होते, अगदी चार फर्म्यांचे का असेना.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांची पुस्तके मिळतात, मिळत राहतील. ‘नवल’च्या जुन्या अंकांचे तसे नाही. त्या काळचा मासिकांचा कागद हलका, शिलाई तारेची. गंजलेली पिन पान खाते आणि कोपरे चिमटीत भुगा होऊन येतात. त्यात कितीतरी कथा अशा आहेत ज्यांचा संग्रह कधी निघाला नाही. अंक गेला की कथा गेली.

म्हणून इंदापूर, बारामती आणि वालचंदनगरच्या वाचकांना दोन गोष्टी मागतो. माळ्यावर, ट्रंकेत, वडिलांच्या कपाटात ‘नवल’, ‘हंस’, ‘किर्लोस्कर’चे जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका. गावच्या वाचनालयाला द्या, आणि वाचनालयांनी त्यांची पाने स्कॅन करून ठेवावीत. दुसरी विनंती लेथवर, वेल्डिंगवर आणि तपासणी विभागात ज्यांनी हयात घालवली त्यांना आहे. मोटर केसिंगचा जोड क्ष-किरणाखाली तपासताना छातीत काय होते, हे पुण्या-मुंबईच्या लेखकाला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ते लिहा, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवा.