एकरत्तिपरिवास : पायी चालण्याचे एक माप

पालि साहित्यात अंतराचे माप योजन आहे. परंतु चालणाऱ्या माणसाचे खरे माप म्हणजे एक दिवसाची वाट आणि एका रात्रीचा मुक्काम. ‘उदान’ या ग्रंथातील बाहिय दारुचीरियाची कथा या दृष्टीने अभ्यासनीय आहे. हा बाहिय सुप्पारकाच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या सागरतीरावर राहत होता. आपण अर्हत झालो नाही, हे उमगताच तो तथागतांच्या भेटीसाठी श्रावस्तीला निघाला.

मूळ सुत्त त्याच्या प्रवासाचे वर्णन ‘एकरत्तिपरिवास’ या शब्दाने करते. याचा सरळ अर्थ, वाटेत प्रत्येक ठिकाणी केवळ एकच रात्र राहणे, असा होतो. धम्मपद-अट्ठकथेने मात्र 120 योजनांचा हा मार्ग त्याने देवतेच्या प्रभावाने एकाच रात्रीत पार केला, असे म्हटले आहे. आमच्या मते मूळ शब्दास चमत्काराची गरज नाही. अट्ठकथाच अन्यत्र चारिकेचे त्वरित व अत्वरित असे दोन प्रकार सांगते. अत्वरित चारिकेत दररोज अर्धे ते एक योजन चालावे, गावोगावी भिक्षाटन करावे, लोकांवर अनुग्रह करावा, असा क्रम आहे. दररोज एक योजन धरल्यास 120 योजनांस चार महिने लागतात. बाहियाची थोरवी या चार महिन्यांत आहे. एका रात्रीत नव्हे.

योजनाच्या लांबीविषयी विद्वानांत मतभेद आहेत. सामान्यतः ते 11 ते 13 किलोमीटर मानले जाते. याचा अनुभव घ्यावा म्हणून हिवाळ्यातील एका पहाटे आम्ही काही विद्यार्थ्यांसह पनवेलच्या गाढी नदीकाठावरून न्हाव्याकडे निघालो. खाडीच्या कडेची तिवरे, मध्येच चिखल, पुढे कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरांची रांग! पदपथ नसल्याने धुळीतून एकामागे एक चालावे लागले. दुपारी एका वृद्ध मावशींनी अंगणात बसवून पाणी व भाकरी दिली. भिक्षाटनाने चालणारी चारिका कोणाच्या श्रमावर उभी होती, हे त्या भाकरीने शिकविले.

सायंकाळी न्हाव्याच्या किनाऱ्यावरून घारापुरी दिसली. तिच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. दुसरीकडे 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू, त्यातील 16.5 किलोमीटर समुद्रावर. मोटार हे अंतर काही मिनिटांत कापते. पादचाऱ्यास मात्र तेथे प्रवेश नाही.

बाहिय श्रावस्तीला पोहोचला तेव्हा तथागत भिक्षाटनास निघाले होते. दोनदा नकार मिळूनही त्याने तिसऱ्यांदा विनंती केली. जीविताचा भरवसा नाही, हे त्याचे कारण होते. उपदेश मिळाल्यावर थोड्याच वेळात गाईच्या धडकेने तो मरण पावला. चार महिन्यांची वाट अशा रीतीने एका उपदेशापाशी संपली. तो वाटेत कोठेही दुसरी रात्र थांबला असता, तर ती भेट घडली नसती. एकरत्तिपरिवासाचा हाच अर्थ होय.