आठवड्यातला एक दिवस

पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरला वळलं, की राजगुरुनगरकडे जाणाऱ्या वाटेवर पाबळ लागतं. इतिहासाची ओढ असणारी माणसं इथे मस्तानीची समाधी बघायला येतात. शिरूर तालुक्यातलं हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यातलं. पाऊस बेताचा, माळ बराच, आणि शेतीचा सगळा जीव विहिरीच्या पाण्यात अडकलेला. १९८३ साली मुंबईतला एक शास्त्रज्ञ आणि त्याची पत्नी या गावात येऊन राहिले, आणि इथली मुलं शाळेत काय शिकतात, कशी शिकतात, यात त्यांनी लक्ष घातलं. त्यातून हायस्कूलसाठी जो अभ्यासक्रम उभा राहिला, त्याबद्दल मला लिहायचं आहे. शाळेतल्या व्यवसाय शिक्षणाचे प्रयोग महाराष्ट्रात पुष्कळ झाले. पण इतका नीट विचार करून मांडलेला आणि इतकं कमी कौतुक वाट्याला आलेला दुसरा प्रयोग मला दिसत नाही.

ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबाग. जन्म १९२८चा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात त्यांनी अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली. परत आल्यावर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम केलं आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात मोठ्या जबाबदारीच्या जागी ते पोहोचले. १९८२ साली ती नोकरी त्यांनी सोडली. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. सोबत पत्नी मीराताई होत्या. पाबळ निवडलं तेही हिशेबानं: कोरडवाहू, साधनं तुटपुंजी, चारचौघा गावांसारखं गाव. इथे जे जमेल ते दुसरीकडेही जमेल, असा त्यांचा होरा होता. त्यांच्या कामाचं नाव विज्ञान आश्रम, आणि छत्र जे. पी. नाईक व चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचं.

या छत्राला एक अर्थ आहे. १९६४ ते १९६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, आणि शाळेत ‘कार्यानुभव’ असावा ही शिफारस त्याच आयोगाची. त्याआधी, १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली होती आणि झाकीर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम आखला होता. म्हणजे पाबळला कलबाग जे करू पाहत होते, त्याला मागे जवळजवळ पन्नास वर्षांची परंपरा होती. पण परंपरेचं काय झालं होतं ते माझ्या पिढीनं वर्गात बसून पाहिलं आहे. आमच्या शाळेत कार्यानुभवाची तासिका वेळापत्रकात ठळक होती. कधी त्या तासाला बीजगणिताचे सर येत, कधी घरी आईनं भरून दिलेला रुमाल आम्ही आपला म्हणून दाखवत असू. वहीत शेरा मिळे, गुण मिळत. वर्षाअखेर हाताला काही आलेलं नसे. आज इतक्या वर्षांनी त्याचं वाईट वाटतं ते त्या तासांपेक्षा त्या कल्पनेसाठी. चांगली कल्पना अशी वाया गेली, की तिच्यावरचा लोकांचा विश्वासही जातो.

कलबागांनी सुरुवात केली ती एका साध्या प्रश्नापासून. नापास होऊन शाळा सोडलेला मुलगा बापाबरोबर मोटार खोलतो, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, गायीच्या चालीवरून तिचं दुखणं ओळखतो. तोच वर्गात ढ कसा ठरतो? त्यांचं उत्तर असं, की मूल जन्मापासून जे शिकत आलं ते हात लावून, करून, चुकून शिकलं. शाळेनं ती वाट बंद केली आणि फक्त ऐकण्या-लिहिण्याची उघडी ठेवली. ज्यांना ती वाट मानवत नाही ते बाहेर पडले. तेव्हा कामाची वाट पुन्हा शाळेत आणायची, आणि ती सगळ्यांसाठी. हुशार मुलं गणिताला आणि ‘बाकीची’ वर्कशॉपला, अशी वाटणी करायची नाही.

शाळांमध्ये त्या अभ्यासक्रमाला सगळे ‘आयबीटी’ म्हणतात. मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. आठवी, नववी आणि दहावी अशी ३ वर्षं, आठवड्यातला एक अख्खा दिवस. त्याचे ४ विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. वर्गाचे गट पाडतात आणि प्रत्येक गट आळीपाळीनं चारही विभागांतून जातो. मुलगी वेल्डिंगला बसते, मुलगा चिक्कीचा पाक तयार झाला का ते पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघतो. निवड नाही, त्यामुळे सवलतही नाही. ही एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात होल्डर आला, काचेआडून तिनं रॉडच्या टोकाशी वितळलेल्या लोखंडाचा तो लहानसा उजेड पाहिला, स्लॅग ठोकून काढल्यावर खालचा टाका सरळ निघाला, की त्या मुलीला पुढे कुणी ‘हे तुझं काम नाही’ असं सांगितलं तर तिच्याजवळ उत्तर असतं. पुढे वेल्डर ती कदाचित कधीच होणार नाही.

हा अभ्यासक्रम कुणाला एका धंद्याला बांधत नाही, हेच त्याचं मर्म आहे. आयटीआय फिटर घडवतं, इलेक्ट्रिशियन घडवतं. ते त्याचं काम आहे आणि ते दहावीनंतरचं आहे. तेराव्या वर्षी मुलाला कळायला हवं ते इतकंच, की वस्तू कशा बनतात, कशा मोडतात, त्यांना काय लागतं आणि त्यांतलं आपल्याला काय आवडतं. त्यासाठी खोलीपेक्षा रुंदी लागते. जिन्याचं वायरिंग करताना दोन स्विचांमधून एकच दिवा वर-खाली कसा लावता येतो हे हातानं जोडून पाहायचं. माती तपासायची, कलम बांधायचं. शेळीचं वजन काटा नसताना काढायचं: छातीचा घेर आणि अंगाची लांबी टेपनं मोजून, घेराचा वर्ग करून सूत्रात घालायचा, आणि त्या वजनावरून खाद्य ठरवायचं. वर्ग म्हणजे काय हे ज्याला फळ्यावर उमगलं नव्हतं, त्याला ते गोठ्यात उमगतं, कारण घेर मोजताना बोटभर चूक झाली की वजन किती बदलतं हे त्याला समोर दिसतं.

गृह-आरोग्य विभागातली रक्ततपासणी मला या सगळ्यात उजवी वाटते. साहलीची पद्धत जुनी, साधी आणि स्वस्त आहे. अंशांकित नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं. बोटाला टोचून २० मायक्रोलीटर रक्त बारीक पिपेटनं ओढायचं, पिपेटचं टोक बाहेरून पुसायचं आणि रक्त आम्लात सोडायचं. थोडा वेळ थांबलं की लाल रंग जाऊन तपकिरी येतो. मग थेंब थेंब पाणी घालत, कांडीनं ढवळत, तो रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. जुळला, की नळीवरचा आकडा वाचायचा. घाई केली की आकडा चुकतो. थेंब जास्त पडला तर परतीची वाट नाही, पुन्हा बोट टोचावं लागतं. इथे मूल विज्ञान शिकतं, शिवाय दुसऱ्याच्या अंगाशी काम करताना हात कसा धरावा हेही शिकतं. आणि आकडा कमी आला की प्रश्न घरापर्यंत जातो. आईचं हिमोग्लोबिन इतकं कमी का, घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं, पालेभाजी कुणाच्या ताटात पडते. रक्ताल्पतेवरचा धडा पुस्तकात आहेच. पण आपल्या आईचा आकडा आपल्या हातानं काढलेलं मूल त्या धड्याकडे परत येतं तेव्हा वेगळ्या डोळ्यांनी येतं.

दुसरी गोष्ट घुमटाची. विज्ञान आश्रमाच्या आवारात गेलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते त्रिकोणांचे गोल घुमट. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर धक्क्यात टिकणाऱ्या अशा घरांची गरज किती आहे हे उभ्या महाराष्ट्राला कळलं, आणि पाबळच्या घुमटांचं नाव तेव्हापासून पुष्कळांनी ऐकलं. या जातीच्या अर्धगोलाची सर्वांत सोपी रचना घेतली, तर तिला ६५ पट्ट्या लागतात आणि त्यांची लांबी फक्त दोन प्रकारची असते: ३५ लांब, ३० आखूड. त्रिज्या अडीच मीटर धरली, तर लांब पट्टी सुमारे १५४ सेंटिमीटर येते आणि आखूड सुमारे १३७. त्यांतून ४० त्रिकोण होतात. लांबी कापताना एखाद्या पट्टीत सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला, की शेवटचा त्रिकोण मिटत नाही. मग सगळे मिळून कुठली पट्टी चुकली ते शोधत बसतात. अपूर्णांकापासून भूमितीपर्यंत सगळं त्या सांगाड्यात आहे, आणि चौकोन ढकलला तर कलतो पण त्रिकोण कलत नाही हे सिद्ध करायला कुणी फळ्याकडे जात नाही. सांगाड्याला जाळी बांधून वर सिमेंटचा गिलावा चढवला, की घर उभं राहतं.

पाण्याच्या शोधाचीही अशीच कथा. जमिनीचा विद्युत रोध मोजणारं स्वस्त यंत्र आश्रमानं तयार केलं. चार सळया एका रेषेत सारख्या अंतरावर ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींमध्ये विभवांतर मोजायचं. अंतर वाढवत नेलं की अधिक खोलवरचा अंदाज येत जातो. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियमच हा. फक्त इथे त्याच्या आकड्यावर शेतकरी विहिरीचा खर्च करायचा की नाही ते ठरवतो, म्हणून आकडा घेणारं पोर दोनदा तपासतं.

आयबीटीतल्या ज्या अटीमुळे मी या प्रयोगाच्या प्रेमात आहे, ती हीच. काम खरं असलं पाहिजे आणि ते कुणाला तरी हवं असलं पाहिजे. शाळेची बाकं मोडली तर ती मुलांनीच दुरुस्त करायची, गावात कुणाला लोखंडी स्टँड हवा असेल तर त्याची ऑर्डर घ्यायची, फिटिंग करून द्यायचं, रोपं तयार करून विकायची. आणि फुकट नाही. कच्चा माल किती, वीज किती, मजुरी किती, हे मांडून किंमत काढायची आणि वहीत हिशेब लिहायचा. प्रदर्शनात ठेवायला केलेल्या वस्तूला वाकडा पाय चालतो. शेजारच्या काकूंनी पैसे मोजून घेतलेल्या स्टँडचा पाय वाकडा असला, तर त्या दुसऱ्या दिवशी तो घेऊन शाळेत येतात.

शिकवणारेही गावातलेच. बी.एड. झालेले शिक्षक इथे कमी पडतात असं नाही, पण वेल्डिंग शिकवायला वेल्डर लागतो, गायीचं शिकवायला गाय पाळणारा लागतो. आश्रमात एक वर्ष राहून ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका घेतलेली मुलं पुष्कळ शाळांत निदेशक झाली. या पदविकेला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली, आणि तिथे दहावी नापासाला दार बंद नव्हतं. ज्याला शाळेनं बाहेर काढलं तोच आठवड्यातून एकदा शाळेत ‘सर’ म्हणून येतो, यातला न्याय मला मोठा वाटतो. दुखरी जागाही इथेच आहे. निदेशकाचं मानधन तुटपुंजं आणि अनियमित, कच्च्या मालाला पैसा नाही, दहावीचं वर्ष आलं की मुख्याध्यापक आणि पालक दोघांनाही तो एक दिवस ‘जादा तासां’साठी हवासा वाटतो. ड्रिल मशीन कपाटात कुलूपबंद राहिलं की अभ्यासक्रम कागदावर चालूच असतो.

तरीही तो पसरला. १९८७ साली राज्य मंडळानं पूर्वव्यावसायिक विषय म्हणून त्याला मान्यता दिली. पुढे लेंड-अ-हँड-इंडिया या पुण्याच्या संस्थेनं तो अनेक शाळांत नेला. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकारातून पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. ३० जुलै २००३ रोजी कलबाग गेले. काम थांबलं नाही. नंतर केंद्राची राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली, आणि तिच्यात हा विषय ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ या नावानं बसला. याच चौकटीत इतर शाळांना ऑटोमोबाइल, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस असे एकेरी विषय मिळाले. त्यांचाही उपयोग आहे, पण नववीतल्या मुलानं एकच धंदा निवडावा हे मला पटत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर घालवायला सांगितलं आहे. पाबळनं मागितला तो आठवड्यातला एक दिवस, ३ वर्षं. दहा दिवसांत सुतार भेटतो; रंधा हातात बसायला आठवड्यामागून आठवडे जावे लागतात.

आयबीटीच्या दिवशी शाळेत शिरताना आधी आवाज येतो, ऐरणीवरचा, मग गरम गुळाचा वास. ओट्यावर कुणी हिशेबाची वही घेऊन बसलेलं असतं. पानावर रेघा ओढून रकाने पाडलेले: अँगल इतके किलो, रॉड इतके, रंग इतका, वीज इतकी. शेवटचा रकाना मजुरीचा. तो भरताना मूल पेन थांबवतं, शेजाऱ्याला विचारतं, आपण तिघं, दोन तास, मग किती धरायचे? एक आकडा लिहिला जातो, खोडला जातो. मग दुसरा.