जमिनीची वाटणी आणि तुकड्यांचे शेत

उन्हाळी मशागतीच्या दिवसांत आमच्या मंडळाकडे जी पत्रे येतात, त्यांत बियाणे व खते यांविषयी विचारणा थोडी असून बांध, रस्ता व सामाईक विहीर यांविषयीच अधिक असते. यंदा एका सभासदांनी लिहिले आहे की, "आम्ही चौघे भाऊ. विहिरीखालचे एकच एकर रान उरले आहे. ते उभे चिरावे की आडवे, याचा निकाल दोन वर्षे होत नाही. मंडळाने सांगितल्यास सर्व ऐकतील." सर्व ऐकतील की नाही, याविषयी आमची खात्री नाही, परंतु हा प्रश्न एका घरचा नसून अवघ्या महाराष्ट्राचा आहे, सबब त्याचे उत्तर खासगी पत्रात न देता येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

जमीन लहान होत चालली ही तक्रार आजची नव्हे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे त्या काळचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. जुन्या दप्तरांवरून त्यांनी असे दाखविले की, त्या गावी १७७१ साली सरासरी खाते ४० एकरांचे होते, १८१८ साली ते साडेसतरा एकरांवर आले, व १९१४-१५ साली अवघे ७ एकर राहिले. पुढे शेतकीवरील बहुतेक ग्रंथांतून हे आकडे उद्धृत झाले. (ते गाव आज पिंपरी-चिंचवड महानगराच्या पोटात गेले असून तेथे एकराची भाषा कोणी करीत नाही, चौरस फुटांची करतात.)

आता आजची स्थिती पाहू. सरकारी कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी खाते ४.२८ हेक्टरांचे, म्हणजे सुमारे साडेदहा एकरांचे होते. २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर झाले. त्याच अवधीत खात्यांची संख्या सुमारे ५० लाखांवरून दीड कोटीच्या वर गेली. खाती तिप्पट झाली. जमीन मात्र वाढली नाही, किंबहुना थोडी घटलीच.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्याच्या अभावी या विषयावरील पुष्कळ चर्चा व्यर्थ जाते. खाते लहान असणे ही एक गोष्ट, आणि ते विखुरलेले असणे ही दुसरी. सव्वातीन एकर एका ठिकाणी असतील तर त्यांत एक विहीर, एक गोठा व एक रस्ता पुरतो. तेच सव्वातीन एकर सहा ठिकाणी असतील तर कुळंबिणीचा निम्मा दिवस डोक्यावर पाटी घेऊन चालण्यातच जातो. पहिल्या रोगास औषध कठीण आहे. दुसऱ्यास आहे, पण ते घेण्यास रोगी तयार नसतो.

तो तयार का नसतो? शहरातील लेखक याचे खापर शेतकऱ्याच्या अडाणीपणावर फोडतात. ते आम्हांस मान्य नाही. समजा, बापाची ६ एकर जमीन आहे: २ एकर ओढ्याकाठची काळी, ३ एकर माळावरची मुरमाड, व १ एकर विहिरीखालची बागायत. मुलगे तीन. प्रत्येक जण प्रत्येक रानात तिसरा हिस्सा मागतो, व ६ एकरांचे ९ तुकडे होतात. हे वेडेपण दिसते खरे, परंतु पावसाची झड लागली म्हणजे काळीत पाणी साचून पीक पिवळे पडते आणि मुरमाड रान तगते. पावसाने ओढ दिली म्हणजे मुरमाड रान करपते व काळीतील ओलीवर ज्वारी उभी राहते. ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याच्या घरी कणग अगदीच रिकामी राहत नाही. आमच्या वाडवडिलांनी विमा कंपनी नव्हती तेव्हा उतरलेला हा विमाच होय. पंजाबात १९२० नंतर सहकारी संस्थांच्या द्वारे तुकड्यांचे एकत्रीकरण पुष्कळ झाले व त्याचा दाखला आम्हांस नेहमी दिला जातो. पण तेथील कालव्याखालची जमीन सपाट व बहुतांशी एकजात. एकराच्या बदली एकर देताना तेथे मन कचरत नाही. आमच्याकडे एका बांधाच्या अल्याड चार हात काळी माती आणि पल्याड वीतभर मातीखाली मुरूम, अशी स्थिती असता अदलाबदल सोपी कशी व्हावी?

तथापि विम्याचा हप्ता विम्याच्या रकमेहून मोठा झाला की तो विमा राहत नाही, आणि आज तसेच झाले आहे. आमच्या सभासदांच्या एक एकराचाच हिशेब करून पाहू. ते रान सुमारे २०० मीटर लांब व २० मीटर रुंद आहे. एका टोकाला विहीर व गाडीवाट. उभे चिरले तर चार पट्ट्यांसाठी तीन नवे बांध पडतात. बांध व त्याच्या कडेची न नांगरता राहणारी पट्टी मिळून एक मीटर धरली, तर तिन्ही बांधांत ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ६ गुंठे जमीन जाते. चाळीसांतून सहा! प्रत्येकाच्या वाट्यास जी पट्टी येते ती सव्वाचार मीटर, म्हणजे चौदा फूट रुंद. तीत साडेचार फुटांवर ऊस लावला तर तीन सऱ्या बसतात. ट्रॅक्टर वळवावयाचा तर भावाच्या रानात शिरल्यावाचून गत्यंतर नाही. एकाने ऊस व शेजारच्याने हरभरा केला तर उसाचे पाणी झिरपून हरभरा उधळतो. एकाने तणनाशक मारले तर ते वाऱ्याने दुसऱ्याच्या भाजीवर जाते.

आडवे चिरले तर बांधांत जागा थोडी जाते. २० मीटरांचे तीन बांध म्हणजे ६० चौरस मीटर, अर्ध्या गुंठ्याहून थोडे अधिक. चौकोन बरे पडतात, पाळीही नीट घालता येते. परंतु मागल्या तिघांना विहिरीपर्यंत व गाडीवाटेपर्यंत जाण्यास रस्ता पाहिजे. तो तीन मीटर रुंद व दीडशे मीटर लांब धरल्यास ४५० चौरस मीटर, म्हणजे साडेचार गुंठे होतात. एकंदर नुकसान पाच गुंठ्यांच्या घरात येते, म्हणजे उभ्या चिरण्याहून गुंठाभर कमीच. मग लोक उभेच का चिरतात? कारण बांधाचे नुकसान चौघांत वाटले जाते व डोळ्यांस दिसत नाही. रस्त्याची जागा मात्र पुढच्याच्या हिश्शातून जाते व त्यास ती रोज दिसते. पहिल्या वर्षी तो तोंडी कबूल करतो. तिसऱ्या वर्षी वाटेवर काट्या पडतात. पाचव्या वर्षी प्रकरण मामलेदार कोर्ट अधिनियमाखाली तहसीलदारापुढे उभे राहते, आणि ज्या पैशांत ठिबकचा संच आला असता ते तारखांना जाण्यात खर्ची पडतात.

कायद्याने हे थांबवावे, असा प्रयत्न जुना आहे. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात लहान धारणेविषयीचे एक बिल आले. ठरावीक क्षेत्राखाली जमीन विभागू नये, असा त्याचा रोख होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास विरोध केला. त्यांची विचारसरणी त्यांच्या १९१८ सालच्या निबंधात सविस्तर आलेली असून ती आजही वाचण्याजोगी आहे. शेत लहान की मोठे हे निव्वळ एकरांवरून ठरत नाही. त्यावर किती भांडवल, किती बैल-अवजारे व किती मेहनत लागते यावरून ठरते. हाती असलेल्या साधनांच्या मानाने आमची शेते लहान नसून उलट मोठीच आहेत. आणि खरा रोग म्हणजे जमिनीवर पोसली जाणारी जादा माणसे, ज्यांस उद्योगधंद्यांत काम मिळाल्याशिवाय तुकडे पडणे थांबणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. शंभर वर्षांनंतरही या युक्तिवादास समर्पक उत्तर कोणी दिलेले आमच्या पाहण्यात नाही.

पुढे १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा मुंबई इलाख्यात झाला. प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवावे, त्याखालील जमीन 'तुकडा' समजावी, तुकडा विकावयाचा तर लगतच्या खातेदारासच विकावा, व नवे तुकडे पाडू नयेत, अशी त्याची योजना. हे प्रमाणभूत क्षेत्र पूर्वी बरेच मोठे असे. २०२३ साली राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे खाली आणण्यात आले. कायदा मोडून झालेले व्यवहार रक्कम भरून नियमित करून घेण्याची वाट २०१७ च्या दुरुस्तीने आधीच उघडली होती. ज्या कायद्याची मर्यादा दर पिढीस खाली सरकते, तो कायदा तुकडे थांबवीत नाही, त्यांच्या मागोमाग चालतो, असे आम्हांस वाटते.

शिवाय वारसा हा कोणत्याही कायद्याने बंद होत नाही. बाप वारला की सर्व वारसांची नावे सातबाऱ्यावर सामाईक लागतात आणि रानात मात्र दोरी टाकून तोंडी वाटप होते. कागद एक बोलतो व बांध दुसरे बोलतो. मग पीककर्जासाठी सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या गोळा करीत हिंडावे लागते, आणि विहिरीचा हिस्सा 'इतर अधिकारा'त लिहून न घेतल्यामुळे पाण्याची पाळी धाकट्याच्या मुलाच्या वेळेस नाकारली जाते.

याच संबंधात एक गैरसमज दूर करणे आम्ही कर्तव्य समजतो. मुलींना वाटा मिळू लागल्याने जमिनीचे तुकडे झाले, असे चावडीवर व लग्नकार्यात सर्रास ऐकू येते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली व सर्व देशभर २००५ साली मिळाला. पिंपळे सौदागरचे ४० एकरांचे ७ एकर झाले तेव्हा तो हक्क कोठे होता? तुकडे भावांनी पाडले. बहिणी तर आजही बहुधा हक्कसोड पत्रावर अंगठा करून माहेरच्या साडीवर समाधान मानतात.

एकत्रीकरणाचे काम स्वातंत्र्यानंतर पुष्कळ गावी झाले. जेथे सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आहेत तेथे ते झाले असे बहुधा समजावे. परंतु कित्येकांनी कागदोपत्री मिळालेली नवी जमीन घेतली नाही व जुनी सोडली नाही. अ च्या नावची जमीन ब कसतो आणि ब च्या नावची अ कसतो, अशी जोडपी गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी शासनाने जानेवारी २०२३ मध्ये 'सलोखा' योजना काढली. असा उलटसुलट ताबा निदान १२ वर्षांचा असेल व दोघे राजी असतील, तर नाममात्र १००० रुपये मुद्रांक शुल्क व १००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करता येतो. योजनेची मुदत प्रथम दोन वर्षांची होती व पुढे ती वाढविली गेली. चालू मुदत तलाठ्याकडे (ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) विचारून घ्यावी. कोर्टकचेरीत पिढ्या गेलेल्यांनी तरी ही संधी दवडू नये.

जमीन न हलविता तुकड्यांची अडचण कमी करण्याचाही एक मार्ग आहे, व आमचा कल अधिक त्याकडे आहे. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ सालानंतर पाणी पंचायतीचे जे काम उभे केले त्यात पाण्याचा हक्क जमिनीस न जोडता माणसास जोडला होता: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचे, आणि ऊस वर्ज्य. कोणाची जमीन किती तुकड्यांत आहे, याने तेथे पाण्याचा वाटा बदलत नसे. हे जर साऱ्या गावास साधले, तर चार सख्ख्या भावांस एका विहिरीपुरते का साधू नये?

म्हणून आमच्या सभासदांस आमचा सल्ला असा. तो एकर चिरूच नये. एकच रान, एकच मोटार, एकच ठिबक संच ठेवून खर्च व उत्पन्न यांची वाटणी करावी, किंवा दर वर्षी एकाने करून इतर तिघांस खंड द्यावा. हे पटत नसेल तर आडवे चिरावे. पण प्रथम तीन मीटरांचा रस्ता व विहिरीची जागा चौघांच्या नावे सामाईक ठेवून उरलेल्या क्षेत्राचे चार समान भाग करावे, म्हणजे रस्त्याची तोशीस एकट्या पुढच्यास लागणार नाही. मात्र विहिरीखालचे दहा गुंठे म्हणजे मर्यादेच्या काठावरचे क्षेत्र. रस्ता वजा जाता प्रत्येकी नऊही भरत नाहीत, तेव्हा कागदोपत्री वाटप होईल की नाही हे तहसील कचेरीत आधी विचारावे. होत असल्यास भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करवून नकाशात रस्ता दाखवावा व वाटप तोंडी न ठेवता नोंदवावे. होत नसल्यास निदान पाण्याच्या पाळ्या व वाट यांचा लेख चौघांच्या सह्यांनी करून ठेवावा.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वी आम्ही त्यांस कळविला होता. त्यांचे उत्तर आले आहे. रस्ता व विहीर सामाईक ठेवण्यास चौघेही कबूल झाले. खंडाची गोष्ट थोरल्या बंधूंस पसंत नाही. आणि मधल्या बांधावर येणारे आंब्याचे झाड कोणाचे, यावर सध्या बोलणे अडले आहे.