लाकडी डाव : कल्हईचा राखणदार

पितळेच्या पातेल्यातील आमटीची चव अनेक घरांनी पिढ्यान् पिढ्या जपली आहे. परंतु चिंच वा आमसुलाचे आम्ल उघड्या पितळेला लागले, की तांब्याचा अंश अन्नात उतरतो आणि पदार्थ कळकतो. हे टाळण्यासाठी भांड्याला आतून कथिलाचा पातळ थर देतात; तीच कल्हई. कथील हा मऊ धातू असल्याने पोलादी उलथन्याच्या रोजच्या घासण्याने तो थर झिजतो. लाकडी डावाने तसे ओरखडे उठत नाहीत. नॉनस्टिक तव्याच्या लेपालाही हाच न्याय लागू पडतो.

लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे. त्यामुळे बासुंदी बराच वेळ आटवीत राहिले, तरी दांडा हाताला चटका देत नाही.

डाव साग वा शिसवीसारख्या घट्ट लाकडाचा, अखंड आणि बिनरंगी असावा. तो पाण्यात भिजत ठेवू नये. धुऊन लगेच पुसावा, हवेशीर जागी वाळवावा आणि अधूनमधून खाद्यतेलाचा हात द्यावा. तडा गेल्यास त्यात अन्नकण व ओल साचून बुरशी धरते, जीवोत्पत्ती होते; असा डाव मोह न धरता बदलावा.

कल्हईवाल्याची हाक आता गल्लीत क्वचितच ऐकू येते. अशा वेळी अल्प किमतीचा हा डाव मोलाच्या भांड्याचे आयुष्य वाढवितो, आणि त्यातील अन्नाची शुद्धताही राखतो.