नवोदित मुक्त अनुवादकाचे प्रस्तावलेखन : स्वरूप आणि अध्यापन

सारांश : मराठीचा पदवीधर मुक्त अनुवादक म्हणून व्यवसायात उतरतो, तेव्हा संभाव्य ग्राहकाला लिहिलेले पहिले पत्र बहुधा नोकरीच्या अर्जाच्या साच्यातले असते. अर्ज आणि प्रस्ताव हे भिन्न लेखनप्रकार आहेत. त्यांतील भेद, प्रस्तावाची अंगे, दराचा व कराराचा प्रश्न आणि वर्गातील अध्यापन यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कळीचे शब्द : मुक्त व्यवसाय, अनुवाद, प्रस्ताव, ग्राहक, उपयोजित मराठी

प्रस्तावना

नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२०-२१ या वर्षी देशात सुमारे ७७ लाख व्यक्ती पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचे, म्हणजे ‘गिग’ स्वरूपाचे काम करीत होत्या. ही संख्या २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाजही त्यात वर्तविला आहे. काम मिळेल तेवढे आणि मोबदला कामापुरता, हे या व्यवस्थेचे मुख्य लक्षण. मुक्त अनुवादकाचा व्यवसाय याच स्वरूपाचा असतो. त्याला नेमणूकपत्र नसते. प्रत्येक काम स्वतः मिळवावे लागते.

भाषेची उत्तम जाण असलेला विद्यार्थी नेमका येथेच अडतो. त्याच्या पत्रांना उत्तरे येत नाहीत आणि आपले मराठीच कमी पडते, असा समज तो करून घेतो; किंवा मिळेल त्या दराने मिळेल ते काम स्वीकारतो. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात अर्जलेखनाला पूर्वीपासून स्थान आहे. प्रस्तावलेखनाकडे मात्र तितके लक्ष दिले जात नाही. म्हणून हा प्रश्न अध्यापकांच्याही विचाराचा ठरतो.

अर्ज आणि प्रस्ताव : मूलभूत भेद

अर्जापूर्वी जागा निर्माण झालेली असते, पात्रता ठरलेली असते. अर्जदार आपल्याविषयी सांगतो आणि निवडीचा भार समोरच्यावर सोपवतो. ‘कृपया विचार व्हावा’, ‘एक संधी द्यावी’ ही वाक्ये तेथे शोभतात. प्रस्तावापूर्वी जागा नसते. फक्त एक गरज असते आणि पुष्कळदा ती ग्राहकालाही स्पष्ट जाणवलेली नसते. ती दाखवून देणे हे प्रस्तावाचे पहिले काम होय.

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील व्याख्या येथे उद्बोधक आहे. दुसऱ्याची संमती मिळविण्याच्या हेतूने एखादी गोष्ट करण्याची किंवा न करण्याची आपली तयारी त्याला कळविणे म्हणजे प्रस्ताव. कोणती गोष्ट, हे सांगितलेच नाही तर संमती कशाला द्यायची? ‘कोणतेही काम मनापासून करीन’ या वाक्याला ‘हो’ म्हणता येत नाही, कारण त्यात होकार देण्याजोगे काहीच नसते.

याला आणखी एक बाजू आहे. अनुवादाचा ग्राहक अनेकदा मराठी न जाणणारा असतो. विकत घेतलेल्या वस्तूचा दर्जा त्याला स्वतः पारखता येत नाही. मजकूर चुकला तर नाव त्याच्या संस्थेचे जाते. अनुवादकाच्या पदव्यांपेक्षा ही जोखीम त्याच्या मनात मोठी असते. नवोदिताजवळ पूर्वीच्या कामांचा दाखला नसतो; म्हणून ग्राहकाची जोखीम कमी करून दाखविणे हेच त्याच्या प्रस्तावाचे खरे बळ ठरते.

एक उदाहरण

हा भेद दोन कल्पित पत्रांतून स्पष्ट करता येईल. ठिबक सिंचनाचे संच तयार करणाऱ्या एका कारखान्याची वापर-पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे, असे समजू.

पहिले पत्र : ‘मी मराठी विषयात प्रथम श्रेणीत एम.ए. उत्तीर्ण असून मला अनुवादाची आवड आहे. आपल्याकडे काही काम असल्यास कृपया संधी द्यावी. मानधन आपण ठरवाल ते मान्य राहील.’

दुसरे पत्र : ‘आपल्या ठिबक संचाची वापर-पुस्तिका वाचली. संच शेतकऱ्यांच्या हाती जातो. फिल्टर धुण्याच्या व नळ्या साफ करण्याच्या सूचना मात्र इंग्रजीतच आहेत. त्यांपैकी सुमारे २०० शब्दांचा मराठी अनुवाद सोबत जोडला आहे. त्यात कोशातील शब्दाऐवजी शेतकऱ्यांत रूढ असलेला ‘ड्रिपर’ हाच शब्द ठेवला आहे. सुमारे ४,००० शब्दांची संपूर्ण पुस्तिका मजकूर मिळाल्यापासून सहा कामकाजाच्या दिवसांत देता येईल. आपल्या विक्री विभागातील मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने सुचविलेल्या दुरुस्त्या एकदा विनामूल्य करून दिल्या जातील. दर सोबत दिला आहे.’

दुसऱ्या पत्रात ‘मी’ जवळजवळ नाहीच. ग्राहकाची वस्तू, तिचा वापरणारा, कामाचा आवाका, मुदत आणि दर्जा पारखण्याचा मार्ग एवढ्याच गोष्टी त्यात आहेत. दुरुस्तीची सोय सांगितल्याने मराठी न जाणणाऱ्या व्यवस्थापकाची धास्ती कमी होते. पत्राची भाषा अर्थातच ग्राहकाला सोयीची असावी. कार्यालयाचा व्यवहार इंग्रजीत चालत असेल तर प्रस्ताव इंग्रजीत आणि नमुना मराठीत, हेच योग्य.

नमुन्याचे महत्त्व

अनुभवाच्या दाखल्याची उणीव नमुना भरून काढतो. तो ग्राहकाच्याच मजकुरातला आणि अर्ध्या-एक पानाचा असावा. ‘चाचणी’ म्हणून संपूर्ण प्रकरण फुकट मागितले जात असेल, तर ते सविनय नाकारावे किंवा त्याचा दर सांगावा.

यंत्राने क्षणात अनुवाद होत असताना माणसाला पैसे का द्यावेत, हा प्रश्न आज ग्राहक हमखास विचारतो. यंत्राची निंदा हे त्याचे उत्तर नव्हे. मजकुरातील एखादी नाजूक जागा दाखविणे हे उत्तर. इंग्रजीतील ‘कफ’ म्हणजे खोकला. मराठीतील कफ म्हणजे छातीत साठणारा. औषधाच्या माहितीपत्रकात ‘ड्राय कफ’चा ‘कोरडा कफ’ झाला, तर रुग्णाची दिशाभूल होते. अशी एक जागा दाखविली की अनुवादकाची गरज वेगळी पटवावी लागत नाही.

दर आणि तांत्रिक तपशील

दर प्रतिशब्द सांगायचा असल्यास मूळ मजकुराचे शब्द मोजायचे की अनुवादाचे, हे आधीच स्पष्ट करावे. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतात. इंग्रजीत ‘इन द फील्ड’ हे तीन शब्द, मराठीत ‘शेतात’ हा एकच. त्यामुळे मराठी अनुवादाची शब्दसंख्या सामान्यतः मुळापेक्षा कमी भरते. समजा, ४,००० इंग्रजी शब्दांचे ३,२०० मराठी शब्द झाले, तर प्रतिशब्द एक रुपया दरानेही ८०० रुपयांचा फरक पडतो. मूळ मजकुरावरील मोजणीचा दुसरा लाभ असा की एकूण खर्च ग्राहकाला काम सुरू होण्यापूर्वीच कळतो.

मजकूर युनिकोडमध्ये हवा की छपाईसाठी श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात, हेही विचारून घ्यावे. अक्षरांची मोडतोड झालेली पुस्तिका छापली गेली, तर दोष अनुवादकाच्याच माथी येतो.

पाठपुरावा

उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे. आठ-दहा दिवसांनी एक छोटे स्मरणपत्र आणि काही आठवड्यांनी दुसरे पाठवावे, त्यानंतर थांबावे. कोणाला, कधी, काय पाठविले आणि काय उत्तर आले, याची नोंदवही ठेवावी. कोणत्या प्रकारच्या ग्राहकांकडून प्रतिसाद येतो, हे तीतूनच उमगते.

कायदेशीर बाजू

ई-मेलद्वारे दिलेला प्रस्ताव आणि त्यावर आलेला होकार यांतूनही करार होऊ शकतो. केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अग्राह्य ठरत नाही, अशी तरतूद माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने झाली आहे. त्यामुळे मुदत, दर आणि देयकाची तारीख लेखी असणे हिताचे.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार, सूक्ष्म वा लघु उपक्रम म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराला मोबदला देण्याची मुदत, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज देय होते. सेवा पुरविणाऱ्यांनाही अशी नोंदणी करता येते.

साहित्यकृतीचा अनुवाद प्रकाशकाला सुचवायचा असल्यास मूळ कृतीच्या स्वामित्वहक्काची स्थिती आधी तपासावी. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार अनुवादाचा हक्क हा मूळ स्वामित्वाचाच भाग आहे आणि लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साधारणपणे ६० वर्षे टिकतो. परवानगीचा प्रश्न न सोडविता केलेला प्रस्ताव प्रकाशकाची जोखीम उलट वाढवतो.

अध्यापनाची दिशा

प्रस्तावलेखन वर्गात शिकविताना काल्पनिक विषयापेक्षा परिसरातील प्रत्यक्ष मजकूर घ्यावा : दवाखान्यातील सूचनाफलक, बँकेचे माहितीपत्रक, शेती-अवजाराची पुस्तिका. एका विद्यार्थ्याने प्रस्ताव लिहावा, दुसऱ्याने ग्राहक होऊन प्रश्न विचारावेत, मग पुनर्लेखन व्हावे. ग्राहकाची गरज नेमकी ओळखली आहे का, नमुना समर्पक आहे का, मुदत व दर स्पष्ट आहेत का, दर्जा पारखण्याचा मार्ग दिला आहे का, हे मूल्यमापनाचे निकष असावेत. पत्राच्या मायन्यातील आणि समारोपातील औपचारिकतेला गुण असावेत, पण ते थोडे.

निष्कर्ष

नवोदित अनुवादकाला काम न मिळण्याचे कारण नेहमीच त्याच्या भाषाज्ञानात नसते. अनेकदा ते चुकीच्या लेखनप्रकाराच्या निवडीत असते. अर्ज संधी मागतो, प्रस्ताव काम मांडतो. ज्या पत्राला ग्राहक निःशंकपणे ‘हो’ म्हणू शकेल, ते पत्र लिहिण्याचे कौशल्य शिकविता येण्याजोगे आहे. ते भाषा-विभागातच शिकविले गेले, तर विद्यार्थी आपल्या श्रमाचे मोल स्वतः सांगू शकेल.