छातीतली डबी, कानातली सळसळ

शनिवार म्हणजे आमच्या काष्टीचा जनावरांचा बाजार. घरोघरी पाहुणे, चहावर चहा. त्या गडबडीत शेजारच्या वहिनी मात्र आतल्या खोलीत पडून होत्या. स्तनाच्या कॅन्सरसाठी पुण्याला केमो चालू; पण तारीख उलटून आठवडा झालेला. म्हणाल्या, "ताई, छातीतली डबी बंद पडली. परत फाडतील. त्यापेक्षा नकोच ते." सासूबाईंनीही मान डोलावली.

मैत्रिणींनो, ही डबी म्हणजे केमोपोर्ट. हाताच्या शिरा केमोने खराब होतात म्हणून छातीत कातडीखाली नाण्याएवढी डबी बसवतात. तिची बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते.

वहिनींच्या डबीत औषध जायचं, पण रक्त मागे येत नव्हतं. अशा वेळी केमो थांबवतात ते बरोबरच. काही औषधं शिरेबाहेर सांडली तर आतलं मांस जळतं. पुष्कळदा नळीच्या टोकावर रक्तातल्या फायब्रिनचा सायीसारखा पापुद्रा धरलेला असतो. गुठळी विरघळवणारं औषध नळीत काही वेळ ठेवलं की बऱ्याचदा ती मोकळी होते.

वहिनींचं वेगळंच निघालं. "औषध सोडलं की कानाजवळ सळसळ होते," असं त्या सांगायच्या आणि घरातले हसायचे. खरं सांगते, मीही हसले होते. शेवटी दौंडमार्गे त्यांना पुण्याला घेऊन गेले. नळीत डाय सोडून एक्स-रे काढला, तर टोक खाली राहण्याऐवजी वर मानेच्या शिरेत वळलेलं. सळसळ खरी होती!

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी जांघेतल्या शिरेत बारीक छिद्रातून तार घातली आणि पडद्यावर बघत नळी अडकवून खाली ओढली. जागा तेवढी बधिर केलेली. वहिनी जाग्या होत्या. डबीला हातसुद्धा लावला नाही. याच वाटेने तारेचा फास टाकून पापुद्राही काढता येतो. नळी तुटून तुकडा हृदयात गेला तरी बहुधा असाच ओढून काढतात. हृदयात अडकलेला तारेचा तुकडा छाती न उघडता काढल्याची नोंद १९६४ सालची आहे. तुटलेली नळी मात्र बदलावीच लागते.

केमो संपल्यावर डबी ठेवली असेल, तर दिलेल्या तारखेला फ्लश करून घ्या. कांदाकाढणी आहे म्हणून टाळू नका. अडलेल्या नळीत कुणाला लहान सिरिंजने जोर लावू देऊ नका. सिरिंज लहान तेवढा दाब जास्त, नळी फाटते. दहा मिलीची किंवा मोठीच हवी. आणि खर्च योजनेत बसतो का, ते आरोग्यमित्राला आधीच विचारा.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा डोस झाला. परतताना म्हणाल्या, "सळसळ थांबली. आता कानात फक्त सासूबाईंचा आवाज!"